वाडा साऱ्याचा, मुक्काम साहेबाचा



कापसाचा भाव, ज्वारीवरची काणी आणि बँकेची नोटीस एवढे विषय हाताशी असताना आम्ही या अंकात जुन्या सरकारी वाड्यांवर लिहायला का बसलो, असे काही जण विचारतील. विचारावेच. आमचे उत्तर असे, की हाही हिशेबाचाच विषय आहे. गव्हर्नर, कमिशनर, तालुकदार यांच्या राहण्यासाठी शे-दीडशे वर्षांपूर्वी जे वाडे आणि बंगले उभे राहिले, ते सरकारी तिजोरीतून उभे राहिले आणि त्या तिजोरीत पडणाऱ्या पैशात शेतसाऱ्याचा वाटा मोठा होता. बांधताना आपल्याला कोणी विचारले नाही. आता पाडताना किंवा पडू देताना तरी विचारा, एवढे मागायचा हक्क आपल्याला आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. नळदुर्गचा किल्ला पाहिलेला नाही असा माणूस आपल्यात विरळाच. मैलारपूरच्या खंडोबाला गेलेला माणूस किल्ल्यात डोकावल्याशिवाय परतत नाही. बोरी नदी अडवून बांधलेले धरण, त्या धरणाच्या पोटातला पाणीमहाल, पावसाळ्यात त्याच्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, हा पाणीमहाल झाला. चारशे वर्षे पाण्याचा मारा खाऊन तो उभा आहे. उपळ्या बुरुजावर चढून माणसे फोटो काढतात आणि घरी जातात.

पण हा किल्ला एकेकाळी आपल्या जिल्ह्याची कचेरीही होता आणि साहेबाचे घरही होता, हे आता फार थोड्यांच्या लक्षात आहे. १८५३ साली निजामाने इंग्रजांशी तह केला. कंटिन्जंट फौजेचा खर्च थकला होता, कर्ज वाढले होते. त्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर आपला जिल्हा गहाण पडला. राजाने कर्ज केले आणि रान कुळांचे अडकले. हा जिल्हा सांभाळायला जो डेप्युटी कमिशनर आला त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. कोवळ्या वयात निजामाच्या फौजेत शिरलेला, हैदराबाद मुलखात केस पिकवलेला इंग्रज. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ सालीच विलायतेत गाजली होती. १८५३ ते १८५७ तो नळदुर्गला होता. राहणे किल्ल्यात, कचेरी किल्ल्यात. जमिनीची मोजणी, साऱ्याची आकारणी, रस्ते, सगळा कारभार तिथून हलत होता. पुढे १८६३ साली त्याने ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरची आहे. आपल्या तुळजापूरचे नाव विलायतेत असे पोचले.

१८५७ च्या बंडात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याची बक्षिशी म्हणून १८६० साली आपला मुलूख आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी सोडले नाही. वऱ्हाडात काय पिकते ते कापूसवाल्यांना सांगायला नको.

पुढे जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला आले. गावाचे नाव सातव्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद झाले, २०२३ साली पुन्हा धाराशिव झाले. ठाणे हलले तसे साहेबाचे घरही हलले आणि किल्ल्यातल्या राहत्या इमारतींना कोणी वाली उरला नाही. घर का पडते, हे मराठवाड्यातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. माळवदावर मृगाच्या आधी पांढरी माती पडली नाही, की पहिल्या वर्षी गळते, दुसऱ्या वर्षी तुळईला कीड लागते, तिसऱ्या वर्षी खण खाली येतो. मालक पुण्याला नोकरीला गेला आणि म्हातारी वारली, की चांगला चौसोपी वाडा दहा वर्षांत उकिरडा होतो. दगड तेच, भिंत तीच, फक्त वर माती टाकणारे कोणी उरलेले नसते.

आणि तरीही, राहणारा गेला म्हणजे घर पडलेच पाहिजे असा काही नियम नाही. मैलारपूरचा खंडोबाच पाहा. देवाचा मुक्काम काही महिने नळदुर्गला, काही महिने अणदूरला. देव एका गावी असला म्हणून दुसऱ्या गावचे देऊळ कोणी पडू देत नाही, कारण दोन्ही गावे देऊळ आपले समजतात. सरकारी वाड्याचे दुखणे नेमके इथे आहे. तो साहेबाचा समजला गेला. साहेब आहे तोवर त्याला रंग, साहेब गेला की त्याला पिंपळ.

साहेब गेल्यावर वाड्याचे काय करायचे, हा प्रश्न नळदुर्गपेक्षा मोठ्या वाड्यांनाही पडला आहे. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराची जी घरे होती त्यांतल्या तिघांची गोष्ट आम्ही इथे सांगणार आहोत, कारण तिघांची गत तीन तऱ्हांनी झाली.

पहिले पुण्याच्या गणेशखिंडीतले. पावसाळ्यात गव्हर्नर पुण्यात राहायला येत. त्यांच्यासाठी १८६४ साली या वाड्याचे काम निघाले. साल लक्षात ठेवा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडच्या दक्षिणेतला कापूस बंदरांतच अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस पुरवायचे काम मुंबईकडे आले. कापसाचा भाव कित्येक पटींनी चढला. मुंबईत पैशाचा असा पूर आला की समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर कागदावरच दामदुपटीने विकले जाऊ लागले. त्या धुंदीत गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी गणेशखिंडीचा वाडा काढला. नकाशा जेम्स ट्रबशॉ याचा, घाट इटलीतल्या हवेल्यांचा, वर उंच मनोरा, बाहेरून पाहणाऱ्याने मान मागे टाकावी असा.

१८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले आणि कापसाचा भाव कोसळला. शेअर मातीमोल झाले, पुढे १८६८ साली बँक ऑफ बॉम्बे बुडाली. वाड्याचे काम मात्र चालू राहिले. खर्च अंदाजपत्रकाच्या बाहेर गेला, इतका की लंडनच्या पार्लमेंटातही मुंबईच्या गव्हर्नरांच्या उधळेपणाबद्दल बोलणे झाले. १८७१ साली वाडा पुरा झाला. पार्लमेंटाने नाक मुरडले म्हणून बिले थांबली नाहीत.

आता त्याच वर्षांत त्या वाड्यापासून दोन दिवसांच्या चालीवर काय चालले होते ते पाहा. तेजीत सावकाराने हात सैल सोडला होता, कुणब्याने कर्ज उचलले होते. भाव पडल्यावर सावकाराने दावे लावले. सरकारने त्याच सुमाराला जुन्या बंदोबस्ताची मुदत संपली म्हणून कित्येक तालुक्यांत सारा वाढवला. भाव खाली, सारा वर, आणि मधे कर्जरोख्यावर अंगठा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून जाळले. पुणे-नगरच्या कित्येक गावांत हे लोण गेले. पुढे चौकशी बसली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. आपला मुलूख तेव्हा निजामाकडे होता, तो कायदा आपल्याला लागू नव्हता. पण दुखणे एकच होते आणि आजही ते ओळखीचे वाटते.

म्हणजे एकाच कापसाच्या दोन खुणा. एक सुप्याच्या बाजारातली राख, ती वाऱ्याने केव्हाच गेली. दुसरी गणेशखिंडीचा वाडा, तो उभा आहे. जी खूण उभी आहे ती पाडून आपला काय फायदा? उलट आमचे म्हणणे असे, की कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक जिल्ह्यातून एकदा तरी मुलांची सहल त्या वाड्यात न्यावी आणि १८६४ आणि १८७५ ही दोन साले त्याच्या पायरीवर बसून सांगावीत. पुस्तकात वाचलेला भाव विसरतो, दगडातला विसरत नाही.

त्या वाड्याचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. २२ जून १८९७ च्या रात्री तिथे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याचा समारंभ होता. तो आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले वारल्या होत्या. स्वराज्य आल्यावर, १९४९ साली, पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि गव्हर्नराचा वाडा विद्यापीठाची मुख्य इमारत झाला. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. ज्या सरकारी नोकरशाहीच्या खर्चावर जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ ओढला, तिच्या बड्या साहेबाच्या घरावर आता त्यांच्या पत्नीचे नाव आहे. हा वाडा १९४७ साली गुलामीची खूण म्हणून कोणी पाडला असता, तर हा सूड अपुराच राहिला असता.

दुसरा वाडा परळचा. मुंबईचे गव्हर्नर पूर्वी परळला राहत. तिथे एका गव्हर्नराची पत्नी पटकीने दगावली आणि १८८५ पासून बिऱ्हाड मलबार पॉइंटला, समुद्राच्या काठी हलले. परळचा वाडा रिकामा झाला. पुढे मुंबईत प्लेग आला, आणि १८९९ साली त्या वाड्यात डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा भरली. तीच आजची हाफकिन संस्था. कडब्याच्या गंजीत हात घातला आणि फुरसे चावले, रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला गेला आणि मण्यार चावली, अशा माणसाला दवाखान्यात नेल्यावर जी सर्पदंशाची लस टोचतात, ती वर्षानुवर्षे हाफकिनच्या नावाने आपल्या ओळखीची आहे. गव्हर्नराच्या नाचाच्या दिवाणखान्यातून गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत असा रस्ता निघाला. वाडा जपण्याचा याहून चांगला प्रकार आम्हाला ठाऊक नाही. त्याला लोकांच्या गरजेचे काम लावले, त्या कामानेच वाड्याला राखले.

तिसरे घर मलबार पॉइंटचे, ज्याला आपण मुंबईचे राजभवन म्हणून ओळखत आलो. तिथल्या ‘जलभूषण’ या इमारतीत १८८५ पासून राज्यात जो कोणी गव्हर्नर, नंतर राज्यपाल, असेल तो राहत असे. इमारतीचे आयुष्य संपले असे सांगून ती पाडण्यात आली आणि त्याच जागी नवी बांधली गेली. १४ जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. जुन्या इमारतीची वैशिष्ट्ये नव्यात राखली आहेत, असे सरकारी पत्रकात सांगितले गेले. समुद्राच्या खाऱ्या हवेत सव्वाशे वर्षे उभ्या राहिलेल्या घराची दुरुस्ती होण्यासारखी होती की नव्हती, हे जाणकारांनी ठरवायचे. पण वैशिष्ट्ये राखणे आणि वाडा राखणे यांत फरक आहे. आजोबांच्या अंगरख्यासारखा नवा अंगरखा शिवला म्हणजे आजोबांचा अंगरखा जपला असे कोणी म्हणत नाही. आणि हा फरक ज्यांच्या पैशाने काम झाले त्यांच्यापुढे मांडून, त्यांचे चार शब्द ऐकून मग हातोडा उचलायला हवा. गावातल्या शाळेची एक खोली पाडायची तरी आपल्याला जिल्हा परिषदेचे उंबरे झिजवावे लागतात.

त्याच आवारात एक भली गोष्टही झाली, ती सांगितली पाहिजे. २०१६ साली तिथे जमिनीखाली इंग्रजी अमदानीतले मोठे भुयार सापडले. तेरा खोल्या, तोफगोळे ठेवायची जागा. ते बुजवले नाही, दुरुस्त केले, आणि तिथे क्रांतिकारकांच्या आठवणींचे दालन केले. तेही त्याच दिवशी, १४ जून २०२२ लाच, सुरू झाले. म्हणजे जमिनीखालचे वाचले आणि जमिनीवरचे गेले. खाली कोणी राहत नव्हते म्हणून तर नव्हे ना वाचले, अशी शंका आमच्या खट्याळ मनात येते.

यातून आम्ही एक गोष्ट धरतो. सरकारी निवासस्थानात राहणारा माणूस त्या घराचा मालक नाही. तो तीन वर्षांच्या बदलीचा किंवा पाच वर्षांच्या नेमणुकीचा भाडेकरू आहे, आणि भाडेही स्वतःचे भरत नाही. (कूळकायद्याची आठवण काढून कोणी साहेबाचे नाव सातबाऱ्याला लावू नये म्हणजे मिळवली.) भाडेकरूने घर वापरावे, झाडून ठेवावे, पुढच्याच्या ताब्यात द्यावे. भिंत पाडायची, जिना हलवायचा, जुने सागवानी दरवाजे काढून ॲल्युमिनियमचे बसवायचे, तर मालकाला विचारावे. मालक कोण, ते वर सांगितलेच आहे. २०२५ च्या अखेरीला अनेक राज्यांतल्या राजभवनांना ‘लोकभवन’ म्हणायचे ठरले. चांगले आहे. पाटी बदलली, आता फाटकाचे बघा. वर्षातून ठरलेले काही दिवस, आधी जाहीर करून, सातबारा दाखवणाऱ्या माणसालाही आत सोडा.

आता आपल्याच माणसांच्या शंकांकडे वळतो, कारण बैठकीत त्या निघणारच.

पहिली शंका पोटातली आहे. अतिवृष्टीने रान खरवडून नेले, कापसाच्या बोंडाला कोंब फुटले, आत्महत्या थांबत नाहीत, आणि तुम्हाला वाडे सुचतात! ही शंका आम्ही झटकून टाकत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पुराने काय केले ते सगळ्यांनी पाहिले आहे. पण वाडा पडू दिल्याने तो पैसा शेतकऱ्याकडे वळला, असे एकदाही झाल्याचे आम्हाला दिसत नाही. वाडा पडू दिला की त्या जागी नव्या बांधकामाचे अंदाजपत्रक तयार होते. छप्पर वेळेवर शाकारले असते तर जे काम हजारांत झाले असते, ते दहा वर्षांनी कोटीत जाते आणि निविदा निघते. दुर्लक्ष ही काटकसर नसते. ती पुढच्या ठेक्याची पेरणी असते. उधळपट्टीवर आपला राग खरा असेल, तर जुने दुरुस्त करून वापरा असा आग्रह आपणच धरायला हवा. आपण बैलगाडीची धाव बदलतो, गाडी जाळत नाही.

दुसरी शंका स्वाभिमानाची. निजामाचे, इंग्रजांचे वाडे आपण का सांभाळायचे? आपल्यापैकी ज्यांच्याकडे जमिनीचा वाद आहे त्यांना विचारा. १९५४ सालचे खासरा पत्रक त्यांनी पत्र्याच्या पेटीत, कपड्यात गुंडाळून ठेवलेले असते. ते पत्रक ज्याने लिहिले तो तलाठी काही आपला सोयरा नव्हता. कागद आपल्या उपयोगाचा म्हणून जपला. वाडाही कागद आहे. कोणी किती घेतले आणि कशावर खर्च केले, याचा तो दगडात लिहिलेला कागद आहे. सावकाराची वही जाळण्याचे दिवस १८७५ ला होते, तेव्हा ती जाळणे योग्य होते. आज हिशेब मागायचा आहे, तर वही हवी.

तिसरी शंका आपल्याच जिल्ह्याची आणि सगळ्यात खरी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उमरगा-लोहाऱ्याकडचा माणूस विसरणार नाही. सास्तूरला, किल्लारीला दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. त्या दिवसापासून जुने दगडी घर म्हटले की छातीत धस्स होते, आणि तशी भीती वाटणाऱ्याला आम्ही उपदेश करणार नाही. पण त्याच भूकंपानंतर आपल्या आणि लातूरच्या शेकडो गावांत पडायला न आलेल्या घरांचे मजबुतीकरणही झाले, हे विसरून चालणार नाही. माळवदाची माती उतरवून ओझे कमी केले, भिंतीच्या आरपार जाणारे बांधणीचे दगड बसवले, वर सिमेंट-लोखंडाचा पट्टा दिला. आपल्या भागातले गवंडी ते काम शिकले. जुनी इमारत भूकंपाला तोंड देईल अशी करता येते, हे आपल्या जिल्ह्याने हाताने करून पाहिले आहे. तेव्हा ‘धोकादायक’ अशी पाटी लावून पाडायला निघालेल्या इंजिनियरला पहिला प्रश्न हाच विचारा, की मजबुतीकरणाचा अंदाज काढला का, आणि काढला असेल तर दाखवा.

दुरुस्ती कशी व्हावी हेही दोन शब्दांत सांगतो, कारण दुरुस्तीच्या नावाखाली जो नाश होतो तो पडझडीपेक्षा वाईट. चुन्यात बांधलेल्या भिंतीला चुनाच लागतो. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चोपडला की आतला ओलावा आतच कोंडतो, दगडाचे पापुद्रे सुटतात, आणि पाच वर्षांत गिलावाही पडतो आणि दगडही. भिंतीत उगवलेला पिंपळ वरून छाटून भागत नाही, तो जोमाने फुटतो. चार दगड उतरवून मूळ काढावे आणि दगड पुन्हा जागच्या जागी बसवावेत. पहिले काम छपराचे आणि पन्हाळीचे, रंगाचे शेवटी. ही कामे पाथरवटाची आणि जुन्या गवंड्याची आहेत, दुष्काळात हाताला काम नसलेल्या माणसांची आहेत. चुन्याची घाणी फिरवणारा माणूस आज शोधावा लागतो. उद्या शोधूनही मिळणार नाही.

आता नळदुर्गकडे परत येऊ. किल्ला राज्य सरकारच्या संरक्षित स्मारकांत आहे. २०१४ साली सरकारने राज्याच्या संगोपन योजनेखाली त्याची देखभाल दहा वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीकडे दिली. बाग झाली, तिकीट लागले, वर्दळ वाढली. खासगी म्हटले की नाक मुरडणाऱ्यांतले आम्ही नाही. सरकारने राखले नाही ते दुसऱ्याने राखले, तर त्याला श्रेय द्यावे. पण तिकिटाचे पैसे किती जमले, त्यातले दगडावर किती आणि बागेवर किती गेले, याचा फलक किल्ल्याच्या दरवाजात लागला पाहिजे, मग तिथे सरकार असो की कंपनी. बाजार समितीत आपण पट्टी मागतो तशी ही पट्टी.

आणि दुसरे मागणे कामाचे. परळच्या वाड्याला लस मिळाली, गणेशखिंडीच्या वाड्याला विद्यापीठ मिळाले. नळदुर्गच्या किल्ल्यात जिथून या जिल्ह्याची मोजणी आणि साऱ्याची आकारणी झाली, तिथे त्याच गोष्टींचे दालन का असू नये? मोजणीची साखळी, जुने नकाशे, गावोगावची आकारणी, निजामाच्या अमदानीतले सारा आणि लेव्हीचे कागद, यांच्या प्रती तिथे मांडाव्यात. बोरीवरचे धरण चारशे वर्षे कसे टिकले, हे कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला तिथेच उभे करून समजावून सांगावे. पाण्यासाठी टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या जिल्ह्यात, सोळाशे तेरा सालच्या माणसांनी नदी अडवून तिच्या पोटात बसायला जागा केली, ही गोष्ट नुसती फोटोपुरती ठेवणे म्हणजे दुधाची घागर शोभेला ठेवण्यासारखे आहे. टेलरसाहेबाचे कौतुक करा असे आम्ही म्हणत नाही. त्याची पुस्तके ठेवा, आणि शेजारी त्याने बसवलेल्या साऱ्याचा तक्ताही ठेवा. पाहणारा काय ते ठरवील.

धाराशिव शहरात आणि तालुक्याच्या गावांतही निजामकाळातल्या कचेऱ्या, बंगले, डाकबंगले, चावड्या आहेत. काही वापरात आहेत, काहींना कुलूप आहे, काहींच्या नुसत्या भिंती आहेत. त्यांची यादी कोणी करील म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आपल्या भागातल्या अशा इमारतींची नोंद करून आणावी. इमारत कोणत्या खात्याकडे आहे, आज तिच्यात काय चालते, छप्पर आहे की नाही, भिंतीत झाड उगवले आहे काय, आणि गावातल्या जुन्या माणसांना तिच्याबद्दल काय आठवते, एवढे एका कागदावर लिहावे. ज्यांच्याकडे अशा इमारतीचा जुना फोटो असेल त्यांनी तो आणावा, प्रत काढून परत दिला जाईल. शक्य असेल त्या गावांनी ग्रामसभेत साधा ठराव करून घ्यावा, की पन्नास वर्षांपूर्वीची कोणतीही सरकारी इमारत पाडण्याआधी गावाला लेखी कळवावे आणि दुरुस्तीचा अंदाज आधी दाखवावा. ठरावाची एक प्रत तहसीलदारांना द्यावी, पोच घ्यावी, आणि पोच बैठकीला आणावी. नळदुर्गच्या हिशेबाच्या फलकाचा आणि दालनाचा ठराव तुळजापूर तालुका मांडील, आणि अनुमोदनाला अणदूर आणि नळदुर्ग दोन्ही गावची माणसे हवीत.